सही राहिलेलं वाक्य

आजच्या समारंभाचे आदरणीय अध्यक्ष, म्हणजे आपल्या दैनिकाचे मालक-संपादक. व्यासपीठावर बसलेले शाळेचे मुख्याध्यापक. हे सभागृह आपल्यासाठी उघडून देणाऱ्या ग्रंथपाल बाई. आज दैनिकातून निवृत्त होणाऱ्या सत्कारमूर्ती वहीताई आणि त्यांचे यजमान. नगरपालिकेतले माझे सहकारी आणि विरोधक. आणि समोर बसलेल्या बंधुभगिनींनो, आपणा सर्वांना माझा नमस्कार.

मला पाच मिनिटं दिली आहेत. नगराध्यक्षाच्या हाती माईक देऊन पाच मिनिटांची अपेक्षा करणं हा भाबडेपणा आहे, पण आमच्या सौभाग्यवती तिसऱ्या रांगेत घड्याळ बघत बसल्या आहेत. तेव्हा निश्चिंत असा.

वहीताईंचं खरं नाव इथल्या निम्म्या लोकांना माहीत नसेल. एकतीस वर्षं त्यांनी नगरपालिकेच्या बातम्या दिल्या आणि एकतीस वर्षं ती लांबट वही त्यांच्यापासून सुटली नाही. त्यांचे यजमान शिंपी आहेत. ताईंच्या प्रत्येक कपड्याला ते वहीच्या मापाचा खिसा शिवतात. लग्नाच्या वाढदिवसाला नवा कुर्ता शिवला, त्यालाही खिसा! यापेक्षा मोठं प्रेम मी तरी पाहिलेलं नाही.

ताईंची एक पद्धत होती, आणि ती ज्याला माहीत नाही तो आमच्या सभागृहात कधी निवडून आलेला नाही. सभा संपली की त्या समोर येऊन उभ्या राहायच्या. आपण जे बोललो ते वहीत एका वाक्यात लिहिलेलं असायचं. म्हणायच्या, "मोठ्यानं वाचा, आणि पटलं तर खाली सही करा." बस्स, एवढंच. भांडण नाही, आवाज चढवणं नाही. पण भाषणात सैल सुटलेली जीभ स्वतःचंच वाक्य वाचताना कशी अडखळते, ते ज्यानं भोगलंय त्यालाच कळेल.

मी पहिल्यांदा निवडून आलो तेव्हाची गोष्ट. तरुण रक्त! सभेत ठोकून दिलं की तीन महिन्यांत प्रत्येक नळाला दिवसभर पाणी येईल. टाळ्या पडल्या. ताईंनी वही पुढे केली. मी वाचलं आणि म्हणालो, "तीनऐवजी सहा करा." त्यांनी सहा केलं. सही करायला पेन टेकवलं आणि म्हणालो, "येईल नको, प्रयत्न करू असं लिहा." दुसऱ्या दिवशी छापून आलं, 'अध्यक्ष सभेत तीन महिने म्हणाले, वाचल्यावर सहा म्हणाले आणि सही करताना प्रयत्न करू म्हणाले.' ती बातमी घरी कुणी मोठ्यानं वाचून दाखवली, ते विचारू नका. त्या तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत.

राग आला होता. पण नळांना पाणी आलं, दहा महिन्यांनी का होईना. ताईंनी तेही छापलं, पहिल्या पानावर.

तेव्हा आमच्या सभागृहातल्या पत्रकारांच्या बाकावर पाचजण दाटीवाटीनं बसायचे. कोपरं लागतात म्हणून एकमेकांवर खेकसायचे. मग तीन झाले, दोन झाले आणि गेली सहा वर्षं ताई एकट्या. बाकीच्या पेपरांना आमचं कार्यालय टिपण पाठवतं आणि ते जसंच्या तसं छापून येतं. टिपण आमचा कारकून लिहितो. सकाळी चहा घेताना मी माझं कौतुक वाचतो आणि चक्क खूश होतो! आता ताईंच्या जागी नवीन माणूस घेणार नाहीत असं कळलं. मी मालकांना दोष देत नाही. इथे बसलेल्यांपैकी कितीजण पेपर विकत घेतात? राहू द्या, हात वर करू नका. समारंभ आनंदाचा आहे.

आता जे सांगणार आहे ते माझ्या हातातल्या कागदावर नाही.

गेल्या वर्षी ताईंच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आणि तीन महिने त्या घरी होत्या. पहिल्या सभेला बाक रिकामा दिसला. खोटं कशाला बोलू, मला हायसं वाटलं. दोन तासांची सभा चाळीस मिनिटांत उरकली. दुसऱ्या सभेत कालव्यावरच्या पादचारी पुलाचा विषय आला. शाळेकडे जायचा तोच पूल. विरोधी बाकांवरून आपल्या औषधदुकानदारांनी विचारलं, "पुलाची पाहणी झाली का?" मी म्हणालो, "झाली, पूल सुरक्षित आहे." ते खाली बसले. पुढचा विषय घेतला.

ताई काठी टेकत कामावर परत आल्या. सभेचं इतिवृत्त त्यांनी वाचलं आणि दोन जिने चढून माझ्या दालनात आल्या. वहीत वाक्य होतं, 'पादचारी पुलाची पाहणी झाली असून तो सुरक्षित आहे.' मी पेन हातात घेतलं आणि म्हणालो, "ताई, चष्मा घरी राहिला." चष्मा माझ्या नाकावर होता. त्यांनी तो पाहिला. म्हणाल्या, "बरं, उद्या येते." दुसऱ्या दिवशी त्या आल्या, तेव्हा मी शिपायाला सांगितलं, साहेब बैठकीत आहेत म्हणून सांग. त्या गुडघ्यानिशी त्या सात वेळा आल्या. मी सात वेळा बैठकीत होतो.

तुम्ही विचाराल, मग त्यांनी छापलं का नाही? 'अध्यक्ष सही करत नाहीत' एवढीच बातमी त्यांनी लिहून दिली होती. त्या दिवशी पानात जागा उरली नाही. माझा वाढदिवस होता. माझ्या हसऱ्या फोटोची अर्ध्या पानाची जाहिरात होती. मालक, तुम्ही खाली बघू नका. जाहिरात माझ्याच मित्रमंडळानं दिली होती. बातमी दुसऱ्या दिवशीवर गेली, मग तिसऱ्या, आणि मग राहूनच गेली.

पाहणी झालेली नाही.

अभियंत्यांना मी बोलावलंच नाही. ते आले असते तर पूल बंद करा म्हणाले असते, मुलांना मोठ्या रस्त्यानं लांबून जावं लागलं असतं, आया माझ्या दारात आल्या असत्या आणि निवडणूक तोंडावर होती. एवढंच कारण आहे, दुसरं काही नाही. आणि याहून लाजिरवाणी गोष्ट ऐका. माझी नात त्याच शाळेत आहे. त्या सभेनंतर तिला मी रोज गाडीनं सोडतो, मोठ्या रस्त्यानं. तुमची मुलं पुलावरून जातात.

सौभाग्यवतींनी घड्याळ खाली ठेवलंय. त्यांनाही हे आत्ताच कळतंय.

मुख्याध्यापक, उद्या सकाळपासून पूल बंद राहील. अभियंते तपासून लेखी देत नाहीत तोवर तो उघडणार नाही. मोठ्या रस्त्याच्या चौकात मुलांना पार करून द्यायला आमची माणसं उभी असतील, आणि पहिला आठवडा त्यांच्यात मी असेन. आयांनी तिथेच येऊन मला हवं ते बोलावं.

हे मी दालनात सांगू शकलो असतो. पण ताई, उद्यापासून माझ्या दारात कुणी येणार नाही. मी स्वतःला चांगला ओळखतो. कुणी विचारलं नाही तर मी गप्प बसतो, आणि पुढे पुढे मला स्वतःचंच खरं वाटायला लागतं. तुम्ही मला एकतीस वर्षं छळलंत, म्हणून मी थोडाफार बरा माणूस राहिलो. तुमच्यावर माझा फार जीव आहे, ताई. तुमची फार आठवण येईल, आणि ती मला एकट्यालाच येऊन उपयोग नाही.

आपण शांतपणे ऐकून घेतलंत, आयोजकांनी मला बोलू दिलं, त्याबद्दल मनापासून आभार. बोलण्याच्या भरात कुणाचं नाव राहिलं असेल, कुणाचा मान राखण्यात चूक झाली असेल, वेळ तर नक्कीच जास्त घेतला, ते सगळं सांभाळून घ्या. पुलाचं मात्र सांभाळून घेऊ नका.