पिवळा पट्टा

ते हार जरा बाजूला करा, फोटोतला यांचा चेहरा झाकतोय.

तुम्ही सगळे आलात. यांची बायको म्हणून मी रडायला हवं. पण आज रडण्यापेक्षा राग जास्त आहे, म्हणून बोलता येईल.

लोहाऱ्याच्या कारखान्यांकडून येणारा नाला आमच्या शेताला लागून. त्याच पाण्यावर गहू. गहू पिवळा पडला, मुळं खुंटली. मी पुस्तकं आणून वाचायचे, हे ऐकायचे. जड धातूंनी गांजलेलं पीक संजीवक, म्हणजे वाढीचं औषध, फवारल्यानं तग धरतं, असं वाचलं. विचारून, समजून घेऊन फवारलं. गहू सावरला. मी म्हटलं, "जिंकलो!"

हे म्हणाले, "काय जिंकलो? दुखणं दबलं. इख मातीतच हाये."

म्हणून यांनी प्रदूषण मंडळाकडे तक्रार केली, आणि नाल्याकडेचा एक पट्टा फवारलाच नाही. मुद्दाम पिवळा ठेवला. मोटार दुरुस्त करायला येणारे रहीमचाचा टोमणा मारायचे, "भाऊ, बाकीच्याले टॉनिक अन् याले उपास काहून?"

"चाचा, तो माया साक्षीदार हाये. तपासणीवाले येईस्तोवर त्याले बोलू द्या." तोवर गहूही विकायचा नाही, असं यांनी ठरवलं होतं.

मग हे आजारी पडून दवाखान्यात गेले. आणि भाऊजी, तुम्ही काय केलंत? "साहेब येऊन राह्यले, दादाचं वावर रोगट दिसू नये," म्हणून तो पट्टाही फवारत राहिलात. पाहुणे येणार म्हणून अंगण सारवावं तसा!

तपासणीचे साहेब आले. बांधावरूनच म्हणाले, "बाई, पीक तर झकास आहे. तक्रार कसली?" मी म्हटलं, तपासायला माती घ्या. पाणी घ्या. गाडी वळलीसुद्धा.

दवाखान्यात यांनी विचारलं, "पट्टा पाह्यला का त्यायनं?" मी खरं ते सांगितलं. हे भिंतीकडे तोंड करून पडले. तसंच म्हणाले, "गण्याले बोलू नको, भाऊ हाये माया."

बोलतेय. चारचौघांत बोलतेय.

संजीवकावर माझा राग नाही. त्यानंच पीक तगलं. पण हिरवं दिसलं की झालं? नाल्यात ते पाणी कोण सोडतं, हे कोण विचारणार? आहे का इथे कुणी?

पुढच्या पेरणीला तो पट्टा मी पुन्हा राखणार. भाऊजी, राखण तुमच्याकडे. फवारणीच्या पंपाला हात लावून तर पाहा!

आता उभे राहा. यांच्यासाठी थोडा वेळ गप्प राहू या. फक्त आजच. तपासणीची गाडी आली की कुणी गप्प राहायचं नाही.