लॉन्ड्रीचा खर्च

नाही, मला सांगा, दोन हजार तेवीसच्या हिवाळ्यापर्यंत या घरात कुणाची छाती नव्हती मला हिशेब विचारायची! आणि त्या जानेवारीत सूनबाईने माझ्या मोबाईलमध्ये घरखर्चाचं ॲप घातलं. "बाबा, सगळ्यांचं एकत्र दिसेल हं!" दिसेल? अहो, दिसतंय ना! महिना झाला की टुंग! माझ्या फोनवर टुंग, बायकोच्या फोनवर टुंग, सूनबाईच्या फोनवर टुंग... ‘लॉन्ड्री, पाच हजार. हा खर्च नेहमीचा आहे का?’

तुम्हाला सांगतो, लॉन्ड्री-बिंड्री काही नाही. ते आमचे व्याही. सूनबाईचे वडील! आदल्या वर्षी बायकोच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं, चिरंजीवांची नोकरी नुकतीच गेलेली, आणि जन्मभर कुलपं दुरुस्त करून ताठ मानेने जगलेला मी व्याह्यांच्या दारात हात पसरून उभा! मुलाच्या बापाने! ते म्हणाले, "सावकाश द्या हो." मी म्हटलं, "दर महिन्याला देईन, आणि घरात एक अक्षर कळता कामा नये." घरी सांगितलं, माझी शिल्लक होती. फोनमध्ये व्याह्यांचं नाव घातलं लॉन्ड्री. म्हटलं, लॉन्ड्रीकडे कोण बघतंय?

बायको बघते! "धुणं मी धुते, इस्त्री तुम्ही करता, मग पाच हजारांचे कपडे जातात कुणाचे?"

म्हटलं, "कोट."

"कुठला कोट?"

आता कोट आणू कुठून!

मग ठरवलं, या यंत्राला चकवायचं. एवढी कुलपं उघडली, हे काय मोठं? पाच तारखेऐवजी अकराला पाठवले, तेही दोनशे कमी. टुंग! ‘तारीख आणि रक्कम थोडी बदललेली दिसते. हा खर्च नेहमीचा आहे का?’ ‘नाही’ दाबलं. पुढच्या महिन्यात दोन तुकडे करून पाठवले. टुंग, टुंग! ‘हा खर्च आता महिन्यातून दोनदा होतो का?’ चिडून एकदा रोखच नेऊन दिले, तर... ‘लॉन्ड्रीचे पैसे द्यायचे विसरलात का?’ अहो, मी लोकांच्या तिजोऱ्या उघडल्या, पण आत डोकावलो नाही कधी! आणि हे कार्टं माझ्याच खिशात बसून गावभर ओरडतंय!

सूनबाईला तर कोण कौतुक! "बाबा, पुढच्या वर्षभराचा लॉन्ड्रीचा अंदाजसुद्धा काढलाय ॲपने. एवढ्यात नवा फ्रिज येईल! तुम्हाला फसवतोय तो लॉन्ड्रीवाला. द्या नंबर, मीच झापते त्याला."

झापते! स्वतःच्या बापाला! ती फोन ओढतेय, मी सोडत नाही... "माझ्या लॉन्ड्रीत कुणी पडायचं नाही!" असा ओरडलो की शेजारच्यांनी खिडकी उघडली.

ते ऐकून ही आतून तरातरा आली. नव्या गुडघ्यावर. कपाट उघडलं, साड्यांच्या घडीखालून आपली साठवण काढली आणि माझ्यापुढे धरली. "पुरतील एवढे?"

"कशाला?"

"लॉन्ड्रीला. मिटवा एकदाचं."

सूनबाई तोंड फुगवून आत गेली. तेव्हा ही हळूच म्हणाली, "आणि त्या लॉन्ड्रीवाल्यांना सांगा, म्हणावं, मुलगी सुखात आहे तुमची."

चपला घातल्या, गेलो, पैसे व्याह्यांच्या हातावर ठेवले. कर्ज फिटलं.