विलासच्या आईनं चूल पेटवली

आमच्या सोनाळ्याचा विलास सिनेमाचे सेट उभारतो, आर्ट डायरेक्टर आहे, हे तुम्हाला माहीत आहेच. पण त्याचा हात काय आहे, ते मला त्याच्या आईमुळे कळलं.

शेगावला एका गोडाउनात त्यानं जुन्या घराची स्वयंपाकखोली केली होती. मी त्याच्या आईला, म्हणजे आमच्या मावशीला, ती दाखवायला घेऊन गेलो; विलास तिथंच काम करत होता. आत शिरल्यावर मावशी थेट चुलीकडच्या भिंतीशी गेली. काजळलेल्या भिंतीवरून तिनं हात फिरवला, मग न बघताच कोनाड्यात हात घालून काड्यापेटी काढली. त्यांचं जुनं घर पाडून तिथं कधीचं स्लॅबचं घर झालं होतं. विलासनं तेच घर नुसत्या आठवणीवर उभं केलं होतं, काड्यापेटीसकट.

"बसा रे, चहा मांडतो," म्हणत तिनं काडी ओढून चुलीला लावली.

चूल थर्माकोलची होती. भपकन पेटली. आम्ही बादल्या ओतून विझवली, भिंत कशीबशी वाचली.

विलास डोकं धरून बसला. "माय, उद्या शूटिंग हाये वं."

"मंग माती आन. चूल मी घालून देतो," मावशी म्हणाली. "भिंत तं तुले माह्यापेक्षा चांगली जमली."