दोर ओढला, की संपलं!

नाही, मला एक सांगा, दोन भावांना एकमेकांशी बोलायला लावायचं असेल तर काय करतात? एका टेबलाशी बसवतात, मधे बटाट्यांचं भांडं ठेवतात आणि बाहेरून कडी घालतात! जगात कुणीही हेच केलं असतं. पण आमच्या सासूबाई म्हणजे वेल्डा! त्यांनी पोटच्या दोन पोरांना दोर बांधून घळीत सोडलं! आणि मधे कोण? मी! जावई! शाळेची बस चालवणारा माणूस! अहो, मी शिडीवर चढून बल्ब बदलतो तेव्हासुद्धा बायको खालून पाय धरून उभी असते!

तुम्हाला सांगतो, थेन आणि रूलन हे माझे मेहुणे. थेन थोरला, रूलन धाकटा. दोरानं घळी उतरण्यात आमच्या अख्ख्या एस्कलांटे गावात यांचा हात धरणारा कुणी नाही, आणि गेली कित्येक वर्षं दोघं एकमेकांशी एक शब्द बोलत नाहीत. कारण काय? कुत्रा! रूलनचा कुत्रा, मूस. वासराएवढा! एका सकाळी तो सासूबाईंच्या कुंपणापाशी गोळी लागून पडलेला, आणि थेन म्हणतो, "मी मारला. कोंबड्यांमागे लागला होता." झालं! रूलननं थेनच्या गाडीच्या काचा फोडल्या, थेननं रूलनचं फाटक ट्रॅक्टरनं आडवं केलं, चर्चबाहेर तर एकदा दोघांना सोडवायला शेरीफ आला आणि स्वतःचाच दात पाडून घेऊन परत गेला!

तर पायोनियर डेची, म्हणजे आमच्याकडच्या जुलैतल्या सणाची सकाळ. दोघं भाऊ टेबलाच्या दोन टोकांना. सासूबाई पॅनकेक उलटता उलटता म्हणतात, "आज दोघं मिळून घळ उतरा. बोलत बाहेर आलात, तर जेवायला या. नाहीतर मला मुलगे नाहीत." मला हसू आलं. नको होतं यायला! "आणि जावईबापू, तुम्ही मधे राहा."

मी म्हटलं, "सासूबाई, जुलै आहे, वरच्या पठारावर कधी पाऊस कोसळेल..."

"आभाळ बघा! ढग आहे का एक तरी?"

नव्हता. तेच तर! घळीत वाहून जाणाऱ्यांच्या डोक्यावर आभाळ निळंच असतं हो! पाऊस दुसऱ्यांच्या डोक्यावर पडतो, कोसभर लांब, आणि पाणी तेवढं आपल्याकडे येतं.

पहिला कडा. भिंतींत अडकलेल्या धोंड्यामागून दोर दुहेरी ओवला, कमरेचा हार्नेस आवळला, पाठ दरीकडे करून मी उतरलो... उतरलो कसला, डोळे मिटून लोंबकळलो! आणि हे दोघं हातभर अंतरावर उभे राहून कसे बोलत होते माहितीये? "दाजी, त्याला सांगा, दोर मोकळा झाला." "दाजी, त्याला सांगा, मला डोळे आहेत." "दाजी, त्याला सांगा, डोळे असते तर माणसानं कुत्रा नीट बघून..." अरे, मी काय टपालपेटी आहे?

सगळे खाली आलो आणि रूलननं दोराचं एक टोक धरून खेचलं. सर्रर्र करत अख्खा दोर पायाशी! म्हणाला, "दोर ओढला, की संपलं!" म्हणजे काय, कळलं का? मागे गुळगुळीत भिंत! आता परत जाणं नाही. घरी जायचं असेल तर पुढेच, आणि पुढे आणखी कडे, आणि बरोबर हे दोघे!

मग भिंती जवळ यायला लागल्या. इतक्या, की छाती एका भिंतीला, पाठ दुसरीला, आणि खेकड्यासारखं तिरकं सरकायचं. पुढे थेन, मागे रूलन, मधे अस्मादिक. आणि थेनच्या तोंडून गेलं, "कुत्रा होता तो, माणूस नव्हता." बस! तुम्हाला सांगतो, तिथे ठोसा मारता येत नाही! हात मागे न्यायला जागाच नाही! मग हे भांडले कसे? डोक्यांनी! हेल्मेट घातलेल्या डोक्यांनी, माझ्या खांद्यावरून! रूलननं थेनवर डोकं हाणलं, थेन झुकला, आणि ते बसलं कुठे? माझ्या नाकावर! काडकन! आवाज घळीत दोनदा घुमला हो! रक्ताची धार लागली, आणि हे मला विचारतात, "दाजी, जरा खाली वाकता का?" मला वाटलं, गेलं खड्ड्यात, मी निघालो परत! पण कुठून? दोर ओढला, की संपलं!

पुढे रांजणखळगा. पाण्यानं दगड घोटून केलेला भला थोरला रांजण, आत छातीइतकं गार गढूळ पाणी, आणि पुढचा काठ हात पोचणार नाही इतका उंच. एकानं दुसऱ्याच्या खांद्यावर उभं राहायचं, दुसरा उपायच नाही. रूलन खाली, थेन वर. चढता चढता थेननं बूट ठेवला तो नेमका रूलनच्या कानावर... आणि रूलन त्याच्या पोटरीला चावला! चावला! चाळिशीतला बाप्या! थेन बोंबलत पाण्यात, रूलननं त्याची मान धरली आणि पाण्याखाली दाबली, वर काढली की "त्यानं काय बिघडवलं होतं तुझं?" आणि पुन्हा खाली! मी मागून ओढतोय, तर माझ्या बरगडीत कोपर. रूलनच्या डोळ्यांत खून होता हो, गंमत नाही सांगत. मला खरंच वाटलं, आज एक मेहुणा कमी होणार.

शेवटी थेन पाणी ओकत ओरडला, "मी नाही मारला! आईनं मारला!"

सगळं थांबलं. गळ्यावरची बोटं तशीच.

"खोटं!"

"मी पोचलो तेव्हा ती बंदुकीची नळी पुसत होती. तुझी बायको तुला सोडून गेलेली, तू रोज आईच्या हातचं जेवायचास. म्हटलं, याचा भाऊ गेला तरी चालेल, आई राहू दे याला."

रूलननं हात काढला. काही बोलायला तोंड उघडलं... आणि माझ्या मानेला वारा लागला. घळीत वारा! गार, ओल्या मातीचा वास असलेला! दोघांनी एकदम वर पाहिलं, आणि रूलननं झटकन खांदा पुढे केला! "चढ! चढ लवकर!" थेन त्याच्या खांद्यावरून काठावर, दोर खाली, मी पोत्यासारखा वर, आणि रूलननं हार्नेसला दोर अडकवला न अडकवला तोच... आलं!

पाणी म्हणू नका त्याला! चिखल, धोंडे, मुळांसकट झाडं, एक मेलेली गाय! रांजण क्षणात भरला. रूलन दोराच्या टोकाला या भिंतीवरून त्या भिंतीवर आपटतोय, आणि थेन दोन भिंतींमधे पाय रोवून, दोर हाताला गुंडाळून उभा. मी त्याच्या कमरेला मिठी मारली. त्याचा खांदा निखळला, टक्! मला ऐकू आलं!

"सोड दादा! तूही येशील!"

"गप्प बस!"

"दादा, सोड!"

"गप्प बस म्हणतो ना!"

एक ओंडका रूलनच्या तोंडावर बसला. तो दिसेनासा झाला. थेन सोडेना. मी ओढलं, देवाचं नाव घेत ओढलं, शिव्या देत ओढलं, तळहातांची सालं दोराला चिकटून निघाली... आणि वर आला! सुजलेला, रक्तबंबाळ, पण खोकणारा! वरच्या कपारीत आम्ही एकमेकांवर पडलो. रूलन रडत होता, थेन शिव्या देत होता, आणि मी दोन्ही करत होतो.

लोंढा ओसरला. शेवटच्या कड्यावरून रूलननं थेनला लहान मुलासारखं हळूहळू उतरवलं. "दुखतंय का दादा?" "तू चावलास तिथे जास्त दुखतंय!" बोलत होते हो! थेट! मला न विचारता! खाली येऊन रूलननं दोर ओढला, पण या वेळी "संपलं" म्हणायचं दोघंही विसरले.

घळीच्या तोंडाशी सासूबाई. लोंढा बाहेर पडताना त्यांनी पाहिला होता. झगा कमरेपर्यंत चिखलानं माखलेला, नखं मोडलेली. त्या हातांनी गाळ उपसून आम्हाला शोधत होत्या. आम्हाला बघून मटकन खालीच बसल्या.

रूलननं विचारलं, "आई, मूसला तू मारलंस?"

"हो."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगणार होते. हा गाढव आधी बोलला. मग तू त्याच्या काचा फोडल्यास, त्यानं फाटक पाडलं, आणि मला तोंड उघडायची भीती वाटायला लागली."

असं म्हणून उठल्या आणि दोघांना एकेक थोबाडीत दिली. खोटं बोलल्याबद्दल थेनला, ते खरं मानल्याबद्दल रूलनला. आणि मग दोघांना असं कवटाळलं, असं कवटाळलं, की थेन खांद्याच्या कळेनं गुरासारखा ओरडला, तरी सोडेनात. हमसून हमसून रडत होत्या. म्हटलं, आपणही मरता मरता वाचलोय, आपल्यालाही जवळ घेतील. हात पसरून पुढे झालो.

सासूबाईंनी डोळे पुसले, मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "जावईबापू, तुम्ही गाडीच्या मागच्या उघड्या हौद्यात बसा. नाक गळतंय तुमचं, आणि सीट नवीन आहे."

बसलो.