डब्यावर छत्तीसशे लिहिलंय!

...नाही, मग लिहायचंच कशाला? डब्यावर ठसठशीत छत्तीसशे लिहिलंय आणि आत निघतात एकवीसशे तेहतीस! शंभरातले चाळीस गायब! तुम्हाला सांगतो, तीस वर्षं वजनमापे खात्यात निरीक्षक होतो मी. किलोच्या पुड्यात दहा ग्रॅम कमी भरले तरी भल्याभल्यांना घाम फोडलाय. आणि आज निवृत्तीनंतर माझ्याच घरात, माझ्याच टेबलावर, चाळीस टक्के तूट? आणि मी गप्प बसू?

आता यात माझा स्वार्थ काय? काही नाही. कॉम्प्युटर बायकोचा. दुकानं, दवाखाने आतून कसे दिसतील त्याची चित्रं करते ती. एकेक चित्र तयार व्हायला ते डबडं बारा बारा मिनिटं घुं घुं करत बसतं. मीच मोठ्या तोंडाने म्हणालो, "थांब, तुला वेगवान मेमरी आणून देतो, बघच तू." आणली. दोन पट्ट्या. स्वतःच्या हाताने बसवल्या, शेजारी शेजारी, अगदी चिकटून, कशा देखण्या दिसत होत्या म्हणून सांगू! बसवल्यावर वेग मोजायला नको? मोजलं... एकवीसशे तेहतीस!

तडक दुकान गाठलं. दुकानदार चहा पितोय. मी डबा त्याच्यापुढे आपटला. "डब्यावर छत्तीसशे लिहिलंय!" तर तो शांतपणे म्हणतो, "हो साहेब. तेवढ्यावर चालू *शकते* ती. चालू तुम्ही करायची." म्हणजे? दुधाच्या पिशवीवर लिहायचं एक लिटर आणि गिऱ्हाइकाने घरी जाऊन म्हैस पिळत बसायचं? असं कधी चालतं का हो? तीस वर्षांत मला असं उत्तर द्यायची कुणाची छाती झाली नव्हती!

मुलीला फोन लावला. ती म्हणाली, "बाबा, चालू होताना डिलीटचं बटण दाबत राहा, सेटिंगचं पान येईल. त्यात एक्सएमपी असेल, म्हणजे मेमरी पूर्ण वेगाने चालवायची सोय, ते ऑन कर. आणि ऐक, आईचं काम नसताना कर हं. बाबा? ऐकतोयस ना?" ऐकत होतो की. पण मनात म्हटलं, एक बटण तर दाबायचंय!

दाबलं. पंखे फिरतायत, दिवे लागलेत, आणि पडदा? काळाकुट्ट. दुपारचे अडीच. पाच वाजता दातांचे डॉक्टर येणार, त्यांच्या नव्या दवाखान्याचं चित्र बघायला. पसंत पडलं तर तीन मजल्यांचं काम बायकोला, नाहीतर दुसरीकडे जाणार... हे सगळं मला माहीत होतं. मी नाही म्हणतच नाही.

"अहो, काय केलंत?"

"काही नाही."

"काही नाही तर काळं का झालंय?"

मी पुन्हा फोन लावला. मुलीने फोनवरून त्याच्या पोटातली एवढीशी बटणासारखी बॅटरी काढायला लावली, पाच मिनिटांनी परत बसवायला लावली, तेव्हा कुठे उजेड पडला. कितीवर? एकवीसशे तेहतीसवर! बायको म्हणाली, "आता हात लावायचा नाही." आणि गेली कागद छापून आणायला. आता तुम्हीच सांगा, डब्यावर छत्तीसशे लिहिलंय, समोर तूट दिसतेय, हातात स्क्रू ड्रायव्हर आहे... माणसाने काय भिंतीकडे बघत बसायचं?

झाकण उघडून आत वाकलोय, तोच दारात डॉक्टर. तासभर आधी! सवयीने हात धुऊन आले, आत डोकावले, म्हणाले, "हलतेय का?" मी म्हटलं, "नाही, पण जोर नाही." त्यांनी मदरबोर्डचं पत्रक उचललं आणि वाचलं. मी ते उघडलंसुद्धा नव्हतं. आम्ही लेबल वाचणारी माणसं, पत्रक कोण वाचतं? "अहो, यात तर लिहिलंय, दोनच पट्ट्या असतील तर दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत. मध्ये फट पाहिजे." दाताच्या डॉक्टरने मला फट शिकवावी!

बसवल्या फट ठेवून. एक्सएमपी ऑन. चालू झालं! खात्रीसाठी या वेळी मी मोजायचा दुसरा प्रोग्रॅम उघडला... अठराशे! आधी चाळीस टक्के चोरले होते, आता बरोबर निम्मे! दुकानदाराला फोन. "डब्यावर छत्तीसशे लिहिलंय!" तो म्हणाला, "अभिनंदन साहेब, मिळाले की. तो प्रोग्रॅम नुसते ठोके मोजतो, आणि एका ठोक्यात दोनदा काम करते ती. दोनने गुणा." दोनने गुणा! अर्धा किलोचा पुडा एक किलो म्हणून विकणाऱ्याने मला सांगितलं असतं की साहेब, दोनने गुणा, तर?

पण गुणलं. भरलं छत्तीसशे. तेवढ्यात बायको आली, डॉक्टरांना बघून गोड हसली, माझ्याकडे बघून हसली नाही. चित्र लावलं. मी घड्याळ धरून उभा. आधी लागायची अकरा मिनिटं चाळीस सेकंद. आता अकरा बावीस! "बघ!" म्हटलं, "अठरा सेकंद वाचले!" ती म्हणाली, "अख्खा दिवस घालवून." आणि तेवढ्यात, डॉक्टर वाकून आपल्या दवाखान्याची खुर्ची बघतायत आणि ती खुर्ची थिजली. माउस थिजला. सगळंच थिजलं.  तीन मजल्यांचं काम हिचं, आणि घालवलं मी.

बायकोने मला बाजूला सारलं. बंद केलं, चालू केलं, डिलीट दाबलं, काहीतरी खालीवर केलं. दोन मिनिटांत चित्र परत आलं ते शेवटपर्यंत पुन्हा थिजलं नाही. डॉक्टरांनी काम दिलं. मी विचारलं, "तुला कसं जमलं?" म्हणाली, "पत्रक वाचलं. छत्तीसशे झेपत नाही त्याला. बत्तीसशेवर ठेवलंय."

बत्तीसशे! म्हणजे चारशेची तूट! मी तोंड उघडणार, एवढ्यात तिने एक पांढरा कागद कापला, त्यावर मार्करने मोठ्ठे बत्तीसशे लिहिले आणि कॉम्प्युटरच्या डब्यावर चिकटवून दिला. "घ्या," म्हणाली, "तपासा."

तपासलं. सोळाशे दिसले, दोनने गुणले. डब्यावर बत्तीसशे, आत बत्तीसशे. कागदात खोट नाही, मापात खोट नाही. काय करणार?... खाली सही केली, तारीख घातली.