बोटीतलं पाणी

हॅलो?… हॅलो, कोन?… त्रिशला होय? बोल व बाई… हो, हो, आईच बोलून राह्यली. दुकानातून. गल्ल्यावर आज मीच बसली… पप्पा मागं गोदामात हायेत.

काय?… जोरात बोल. तुमच्या कामरगावले जराशी हवा सुटली की आवाज जाते…

तो घर्रर्र आवाज? कटर हाये… नाही, गिऱ्हाइकाचं काम नाही. बोट कापून राह्यले… कोनती म्हंजे? मोठी. धरनावरून आनलेली… हो, तीच, जिच्यात बसून साहेबलोक धरन पाहात होते… अगं ऐक ना. रामधन मिस्त्रीले सकाळीच बोलावनं धाडलं. रामधन म्हने, शेटजी, बरगड्या नव्या घालू, फळ्या बदलू, हिवाळाभर बसतो मी. त पप्पा म्हने, तुले कापाले बोलावलं, सल्ला द्याले नाही… म्या कायले थांबवू? मी कोन थांबवनारी?

थांब जराशी… काय पायजे दादा? दोन इंची खिळे? त्या निळ्या डब्यात हायेत, तुमच्या हातानं घ्या, मी फोनवर हाये… हां, बोल.

संयमचा फोन आलता?… कवा, सकाळी?… पोचला ना बरोबर पुन्याले? जेवला का?… मले नाही केला. चार दिवस झाले, मले एक फोन नाही… काय म्हने?… अजून?… एवढंच?… "बोट माह्या हातून गेली"? असंच म्हनला?… अन् माह्याबद्दल?… काईच नाही?

नाही, नाही, मी कुठं रडून राह्यली. भुसा उडून राह्यला इकडं.

"एका बोटीसाठी पोराले घराबाहेर काढते का कोनी?" मले कायले इचारतं व? मी काय वेगळं म्हनून राह्यली?… पन एक बोट म्हनू नको. पप्पाच्या या नादाले सहा वर्षं झाली, त्रिशला. पयल्या दोन बोटी म्हंजे शिकन्यापुरत्या. ही धरनावरच्या भंगारातून आनली तवा कोनाची तरी कोंबडी आत अंडे घालून बसली होती. इंजिनाचा एक एक नट पप्पानं रॉकेलात भिजवून सोडवला. फळीच्या फटीत भराले लोक चरबी वापरते म्हने. त्याईनं चरबीले हात नाही लावला. कापूस, जवसाचं तेल अन् राळ. मी दिवाळीच्या वाती कराले बसली की माह्यापुढं हे बसत, हे लांब लांब पेळू वळत. अन् काय मन लावून! माह्या हातचं एवढं मन लावून कधी खाल्लं नाही त्या मानसानं.

हो… हो, मले मालूम हाये तू काय म्हनून राह्यली. संयमनं चुकीचं सामान भरलं, बोट फुटली, पप्पा भडकले… हो, ते खरं हाये. पन ते अर्धं हाये… अगं ऐक ना.

जावई बाजूले हायेत का?… स्पीकर लावला?… बंद कर तो. कानाले लाव… लावला? अन् जराशी त्या खोलीतून भायेर ये. मी थांबते.

आली?… हां.

तू अकोल्याले पप्पापाशी होती ना, गुडघ्याच्या ऑपरेशनले? रोज सकाळी तूच फोन लावून देत होती. पप्पा काय इचारत होते मले?… हो. "बोटीत पानी हाये ना?" माह्या पाठीचं नाही, गल्ल्याचं नाही, पोरगं जेवलं का ते नाही. अठ्ठावीस दिवस एकच सवाल… हसू नको व.

पानी कायले म्हंजे? एवढे दिवस फोन लावून देल्ले अन् तुले मालूम नाही?… जुनं लाकूड हाये ते. सुकलं की आकसते, फळीफळीत फटी पडते. पानी भरून ठेवलं की फुगते अन् फटी आपल्याआप मिटते. बैलगाडीचं चाक नाही का नाल्यात बुडवून ठेवत, तसं. तलावात उतरवायच्या आधी महिनाभर बोटीनं पोटात पानी धरलं पायजे, हा त्याईचा कायदा. अकोल्याले निघायच्या आधी विहिरीचं पानी स्वतः भरलं, लंगडत लंगडत. अन् सांगून गेले, कमी झालं की भर टाकजो. संयमले नाही सांगतलं, मले सांगतलं. दुकान संयमकडं, बोट माह्याकडं.

तेच… तेच सांगून राह्यली. मधात बोलू नको, नाही त माह्यानं सांगनं होनार नाही.

सहाव्या दिवशी मी भर टाकाले गेली. त पान्यात वळवळ… किडे, बाई. डासायचे. एवढे एवढे, हजारानं… चातुर्मास चालू. माह्यं एक वेळचं जेवन चालू, पानी दोनदा गाळून पिते मी. अन् माह्याच घरात मी जीव पैदा करून राह्यली! रामधनले इचारलं. तो म्हने, मावशी, वरून अर्धा लिटर जळकं ऑईल सोडा, सकाळपर्यंत सगळे साफ… अगं, माह्या हातानं? त्या दिवशी एक वेळचं बी सोडलं म्या.

मंग काय, काढलं पानी… म्या… सगळं. बादलीनं… जमिनीवर कसं फेकू? ज्या विहिरीतून आनलं त्याच विहिरीत सोडलं, बादली खाली नेऊन, हळू, जीव मरू नये म्हनून. शंभराच्या वर बादल्या झाल्या. संयम जेवाले आला तवा मी अर्ध्यात होती, कंबर धरून बसली होती. त्यानं माह्या हातातून बादली घेतली. बाकीच्या त्यानं नेल्या… हो. त्याले मालूम होतं. पयल्या दिवसापासून.

पुन्हा काहून नाही भरलं?… भरलं असतं त सहा दिवसानं तेच. म्हनलं, गोनपाट ओले करून टाकते आतून. दोन दिवस टाकले. मंग माह्ये उपास आले, आठ दिवसाचे…

नाही. उपासाचा बहाना नको. तुह्यापाशी तरी नको. खरं सांगू? ऐकशीन?… बोट रिकामी झाली अन् मले हलकं वाटलं. जीव वाचवले, ते खरंच हाये, देवापुढं बी तेच सांगीन. पन जे बरं वाटलं ना, ते त्या जिवायसाठी नव्हतं. चाळीस वर्षात त्या मानसानं सांगतलेलं एक काम म्या पयल्यांदा केलं नाही. अन् रोज सकाळी तू फोन लावून देत होती, अन् मी म्हनत होती, हो, हाये पानी. काठोकाठ हाये.

…

काय म्हनली?… खोटं बोलली मी?

हो. बरोबर हाये तुहं. पन पुरं ऐक आधी.

पप्पा यायच्या आठ दिवस आधी संयमनं गोदाम उघडलं. बोटीच्या फळीफळीतून उजेड दिसे, पेन्सिल जाय आरपार. मी म्हनलं, आता? पोरगं घाबरलं. स्वतःसाठी नाही, माह्यासाठी. म्हने, आई, तू चूप राह्य, मी पाहातो. दुकानातलं ते दोन डब्यायचं केमिकल, मिसळलं की दगड होते ते, तेच भरलं सगळ्या फटीत… हो, आपल्याच दुकानातलं. दुपारचं जेवन सोडून सोडून भरलं, घासलं, वरून वार्निश मारलं. रामधन गावाले गेलता, नाही त त्यानं हात धरला असता. पप्पा आले, बोटीवर हात फिरवला, अन् संयमच्या पाठीवर थाप मारली. जन्मात पयल्यांदा, त्रिशला. त्याच दिवशी पोरगं मले म्हनलं, आई, मी आता पुन्याले नाही जात, इथंच दुकान पाहातो… तुले बी सांगतलं होतं ना? मले वाटलं, चला, खोट्यातून का होईना, घर त जुळलं.

मंग ट्रॅक्टरवर टाकून तलावावर नेली. अर्धं शिरपूर पाहाले आलं. दोन दिवस काय चालली, काय चालली! पप्पानं काठी बाजूले ठेवली, स्टेरिंग धरलं, मले बाजूले बसवलं… हो, बसली मी. तोंड वर करून बसली. तिसऱ्या दिवशी लाकडानं पानी घेतलं. फुगलं. पन फुगून जाईन कुठं? फटीत त दगड भरलेला. आतल्या बरगड्या तुटल्या, एक एक. काठावर उभं राह्यलं की आवाज येत होता. स्क्रू उपटून आले. खुंट्याले बांधलेली बोट उभ्या उभ्या खाली गेली, इंजिनासकट.

वर काढली तवा पप्पानं नखानं फट खरवडली. म्हने, हे कोनं भरलं? संयम म्हने, म्या. म्हने, काहून? त म्हने, फटी पडल्या होत्या. पप्पा म्हने, पानी होतं त फटी पडल्याच कशा?… इथं, त्रिशला. इथं तो गप झाला. माह्याकडं पाह्यलं बी नाही त्यानं. पाह्यलं असतं त कळलं असतं ना सगळ्यायले. अन् मी? मी डोक्यावर पदर घेऊन उभी, तीन हातावर. पप्पा म्हने, माह्या घरात तुहं काम नाही, जाय. पोरानं बॅग भरली. म्या त्याले दशम्या बांधून देल्ल्या. तोंड नाही उघडलं बाईनं, दशम्या बांधल्या!

…

दे शिव्या. दे. तुहा हक हाये.

सांगू?… आत्ता?… मले बी कळते सांगाच लागते. चार दिवस तेच घोळून राह्यली मी. भेव वाटते व. हात उचलतीन म्हनून नाही, तसे नाही ते. पन त्या मानसानं मले दुसरं देल्लं काय? दोन गोड शब्द नाही देल्ले. भरोसा देल्ला. गल्ल्याची किल्ली माह्यापाशी, तिजोरी माह्यापाशी, त्याईचं म्हननं, कंचन म्हनते त तसंच असन, बस. तेवढंच कमावलं म्या या घरात. ते बी गेलं त मंग मी हाये कोन इथं?

…

हो… हो, संयम त्या भरोशापेक्षा मोठा हाये. कळते मले. तू मोठी झाली व, आईले सांगाले लागली.

थांब… कटर बंद झालं. येऊन राह्यले ते… नाही, नाही, ठेवू नको फोन. चालू राहू दे. तू हाये त होईन माह्यानं.

अहो… बसा. त्रिशलाचा फोन हाये… बरी हाये ती, जावई बी बरे हायेत. अहो, ऐका ना… नाही, हात मंग धुवा. आधी ऐका. त्या बोटीतलं पानी म्या काढलं होतं. संयमनं नाही… तुमी गेले त्याच्या सहाव्या दिवशी. जीव पडले होते पान्यात, म्हनून काढलं. अन् पुन्हा भरलं नाही. अन् तुमाले फोनवर रोज खोटं सांगतलं, हाये म्हनून. पोरानं फटी बुजवल्या त माह्यासाठी बुजवल्या. त्याचा गुन्हा नाही, माहा हाये.

काय?…

मालूम होतं?… कवापासून?… तलावावरच? बोट वर काढली तवाच?… कोनं सांगतलं, संयमनं?… मंग?… माह्या तोंडाकडं पाहून?

अन् तरी… तरी पोराले काढलं तुमी? मालूम असून? काहून?…

…

हो. धुवा हात.

हॅलो… त्रिशला… हाये मी. ऐकू आलं का तुले?… नाही? काईच नाही?… सांगते, थांब… म्हने, त्या दिवशी कोनाले तरी घराबाहेर काढल्याशिवाय माह्या जिवाले थारा नव्हता. चाळीस वर्षं नांदलेल्या बाईले काढता येत नाही. पोराले काढता येते.

नाही, रागानं नाही म्हनले. साध्या आवाजात. गिऱ्हाइकाले खिळ्याचा भाव सांगते तसं… गेले. नळावर हायेत.

नको… नको, तू नको बोलू पप्पाशी आत्ता… नाही, संयमले त बिलकुल नको सांगू. ऐक माह्यं. तो तिकडं हेच धरून बसला असन की पप्पाले खरं मालूम नाही, म्हनून काढलं. कवा ना कवा मालूम होईन, म्हनून बोलावतीन. तेवढं राहू दे त्याच्यापाशी.

मंग तो इचारन ना, आईनं अजून सांगतलं काहून नाही?… इचारू दे. सांगजो, आईची हिंमत नाही झाली. सांगजो, आईनं तोंड उघडलंच नाही… हो, मले भेकड म्हनन. म्हनू दे… त्रिशला, रडू नको. तू फक्त एवढंच सांगजो, आई चूप हाये… हो. ठेव आता.