खिळ्याला टांगलेली चुंबळ

सगळ्यात आधी जनीमावशीचं नाव घेतो. तुमी लिहून घेताय तर पहिल्या ओळीत तेच लिहा, कारण माझ्यावर आईबापाच्या खालोखाल कोणाचे उपकार असतील तर ते तिचे, आणि खरं बोलायचं तर खालोखाल तरी कशाला म्हणू, बरोबरीनेच. माझी सख्खी मावशी नाय हां ती. माझी आय आणि ती बोईसरच्या बाजारात शेजारी शेजारी बसून मासे विकायच्या, एका बसने जायच्या, एका बसने यायच्या, म्हणून मावशी.

आमी दांडीचे, समुद्रकाठचं मच्छीमारांचं गाव. बाप दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी, आय पाटीवाली. पहाटे बोट लागली की आय आणि मावशी मासे निवडून घ्यायच्या, पाट्या भरायच्या आणि बोईसरची बस पकडायच्या. कंडक्टर रोज कुरकुर करायचा की पाण्याने गाडी भिजवता, आणि मावशी रोज त्याला सांगायची, बाबा, समुद्रातली वस्तू हाय, कोरडी कुठून आणू. घाटावरून नोकरीला आलेल्या कॉलनीतल्या बाया ताजं हाय का विचारायच्या, कल्ले उघडून बघायच्या, त्यांना मासा कळायचा नाय पण बघायच्या. मी शाळेला सुट्टी असली की आयबरोबर जायचो. त्या बाजाराचा वास अजून माझ्या नाकात हाय, आणि काय सांगू तुमाला, आज कंपनीत दिवसभर केमिकलच्या वासात उभा असतो पण डोळे मिटले की तोच वास येतो.

आता तुमाला पेटीचं सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाय. आमच्याकडे बोंबील सुकवायचे बांबू लावलेत ना, त्याच्या बाजूला एक छपरी हाय. सोमवारी धंदा मंद असतो, लोकांचे उपास असतात, तर सोमवारी दुपारी वीस-पंचवीस पाटीवाल्या त्या छपरीत बसायच्या. मध्ये पत्र्याची पेटी. प्रत्येकीने दहा रुपये टाकायचे, आणि जिला गरज असेल तिने त्यातून उचलायचे. व्याज शंभराला महिन्याला एक रुपया, आणि ते व्याज परत पेटीतच. पावसात बोटी वर ओढल्या की हप्ता बंद आणि व्याजही बंद, ते थेट नारळी पौर्णिमेला नारळ समुद्रात पडेपर्यंत. समुद्र बंद तर व्याज बंद, एवढा साधा नियम. हे कोणी शिकवलं नव्हतं त्यांना, त्यांच्यातल्या दोघीतिघींना सही येत असेल, बाकी अंगठाच.

पण कागद नव्हता म्हणून तारण नव्हतं असं समजू नका. जिला पैसे हवेत तिने मधोमध बसायचं आणि कशासाठी हवेत ते सगळ्यांसमोर मोठ्याने सांगायचं. मग कोणीतरी एकीने तिच्यासाठी आपली चुंबळ द्यायची. चुंबळ म्हणजे जुन्या लुगड्याचं फडकं पिळून गोल करतात ना, पाटीखाली डोक्यावर ठेवायला, ती. ती चुंबळ छपरीच्या मधल्या खांबाला खिळ्यावर टांगायची. कर्ज फिटेपर्यंत तिथेच. आणि फिटलं की घेणारीने स्वतःच्या हाताने ती काढून देणारीच्या डोक्यावर ठेवायची. एका बाईची एका वेळी एकच चुंबळ, म्हणजे एकच शब्द. तिचा शब्द खिळ्यावर असताना ती दुसऱ्या कोणासाठी उभी राहू शकत नाय. तुमी म्हणाल, फडक्याचं काय, दुसरं पिळायचं. पिळायच्याच ना. पण मावशी म्हणायची, नवीन चुंबळीला डोकं ओळखत नाय, पाटी हलते.

मी बारावी झालो, चांगल्या मार्कांनी झालो, आणि पालघरच्या कॉलेजात बी.एस्सी.ला नाव लागलं. आमच्या आळीत तोपर्यंत कोणी दहावीच्या पुढे गेलं नव्हतं. फी, पुस्तकं, प्रॅक्टिकलचा कोट, जाण्यायेण्याचा पास, सगळं मिळून आकडा ऐकून बाप जाळं शिवत बसला. आयने आधीच बापाच्या दुखण्याला पेटीतून घेतले होते, त्यामुळे ती परत मागू शकत नव्हती. मावशी म्हणाली, पोराला पाठवा, त्याला हवेत ना, तो मागेल. पेटीसमोर तोपर्यंत पुरुष माणूस बसला नव्हता कधी.

मी बसलो. खाली वाळूत बघत होतो. मावशी म्हणाली, वर बघ, चोरी केलीस काय. मग मी सांगितलं की केमिस्ट्री शिकायचीय. ती शिकून काय होतं, असं एकीने विचारलं. मी म्हटलं, कंपनीत लॅबमध्ये काम मिळतं. तर पाटीवाल्यांतली सगळ्यात म्हातारी पारूआजी म्हणाली, म्हणजे आमच्या माशांचा वास नको म्हणून कंपनीच्या गटाराचा वास घ्यायला चाललास. सगळ्या हसल्या, मीसुद्धा हसलो. तेवढ्यात मावशीने डोक्यावरची चुंबळ काढली आणि उठून खिळ्याला लावली, परत बसली आणि पेटीतले पैसे मोजायला घेतले.

तीन वर्षं आणि वर नोकरी लागून कर्ज फिटेपर्यंतचे सात महिने ती चुंबळ तिथे होती. हिरव्या लुगड्याची, काठ तांबडा. बस पकडायला जाता-येता मी छपरीत डोकावून बघायचो. त्याच मधल्या काळात मावशीच्या स्वतःच्या मुलीचं, चंद्राचं, लग्न ठरलं, आणि चंद्रासाठी मावशी चुंबळ देऊ शकली नाय, कारण ती माझ्यासाठी टांगलेली होती. तिने पारूआजीला विनवून तिची टांगायला लावली. मला हे कोणी सांगितलं नाय, फार नंतर कळलं. मी शेवटचा हप्ता दिला त्या सोमवारी चुंबळ काढली, तर तिच्यावर धूळ आणि सुक्या बोंबलाचा वास. मावशीच्या डोक्यावर ठेवली. ती म्हणाली, जरा डावीकडे कर. बस्स. मला वाटलं होतं आशीर्वाद देईल.

ते दिवस आठवले की वाटतं, मी तिथेच थांबलो असतो तर बरं. पण माणूस पुढे जातो. बोईसरला कंपनीत लागलो, शिफ्ट सुपरवायझर झालो, लग्न झालं, दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला बँकेचं कर्ज काढून, बाप गेल्यावर आयला घेऊन आलो. दांडीला जाणं सणासुदीपुरतं झालं. काही वाईट मनात नव्हतं हो, पण शर्ट खोचून छपरीत बसायला लाज वाटायला लागली, हे खरं.

मग आय बाथरूममध्ये पडली, खुबा मोडला. पालघरला ऑपरेशन सांगितलं. साठ हजार कमी पडत होते. बँकेत गेलो तर म्हणाले, आधीचं कर्ज हाय, कागद वर पाठवू, तीन आठवडे लागतील. कामावरचा एक बिहारी मित्र म्हणाला, भाई, मोबाईल पे दस मिनट में मिलता है. आणि मिळाले हो दहा मिनिटांत. मागितले साठ, हातात आले त्रेचाळीस, परत करायचे साठच, तेही पंधरा दिवसांत. उरलेल्यासाठी दुसरं ॲप, आणि पहिल्याचं फेडायला तिसरं. मी ग्रॅज्युएट माणूस, टक्केवारी मला येते, पण आय स्ट्रेचरवर असताना टक्केवारी कोण करतो. त्या फॉर्ममध्ये एक रकाना होता, ओळखीच्या व्यक्तीचं नाव आणि नंबर. बायकोला कळू द्यायचं नव्हतं. मी जनीमावशीचं नाव टाकलं. नुसतं रकाना भरायला.

हप्ता चुकला आणि त्यांनी मावशीला फोन लावला. मावशी बाजारात सुरमई कापत होती, हात ओले, शेजारणीने फोन तिच्या कानाला धरला, त्या शेजारणीनेच मला नंतर हे सगळं सांगितलं. पलीकडचा म्हणाला, नरेश को जानती हो. मावशी म्हणाली, जानती क्या, मेरे सामने नंगा फिरता था. तो म्हणाला, उसने लोन लिया है और आपका नाम दिया है, आणि मग शिव्या सुरू केल्या, आयबहिणीवरून, ऐकवणार नाय अशा. मावशीने त्याला थांबवलं. गाली मत दे, म्हणाली. नाम दिया है तो मैं हूं. कितना है, वो बोल.

तेव्हा मला यातलं काहीच माहीत नव्हतं. आयला घरी आणल्यावर तिला सुक्या बोंबलाची चटणी खावीशी वाटली म्हणून रविवारी दांडीला गेलो. छपरीवरून जाताना सवयीने आत बघितलं, तर खिळ्याला चुंबळ. जुनी, विटलेली, पण काठ तांबडा. बाहेर बोंबील उलटणाऱ्या बाईला विचारलं, मावशीने कोणासाठी टांगली. तिने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, तुझ्यासाठीच की.

मावशीकडे गेलो. तिला समजावायला लागलो की मावशी, ते जामीन नसतं, तुझ्यावर काही येत नाय, ते नुसतं नाव हाय. ती भाकरी थापत होती. म्हणाली, नुसतं नाव म्हणजे काय रे. पंधरा वर्षं कंपनीत माणसांना समजावतो मी, त्या बाईला एक वाक्य देता आलं नाय.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून छपरीत मधोमध बसलो. पेटी आता बँकेत असते, खात्यात, पण बाया पेटीच म्हणतात. सगळं मोठ्याने सांगितलं, तिन्ही ॲप, सगळे आकडे, बायकोपासून लपवलं तेही. तेव्हा पारूआजीची सून म्हणाली, एवढं शिकलास, आणि फोनला विचारलंस, आमाला नाय. दुसरी म्हणाली, फोनचा पाऊस कधी पडतो गं, त्याचं व्याज बंद कधी होतं. हसत होत्या पण डोळ्यांत हसू नव्हतं. कारण मावशीचा शब्द मी असा, तिला न विचारता, कुठल्या कोण माणसाच्या हातात दिला होता. पेटीने मला एक लाख दहा हजार दिले, शंभराला एक रुपया. मी म्हटलं, पावसात हप्ता. त्यांनी पुढे बोलूच दिलं नाय. तुझा पगार काय पावसात भिजतो, असं म्हणाल्या, तू बाराही महिने भर. बरोबरच हाय ते. तिन्ही ॲपचं फेडलं, फोन थांबले. बायकोला सांगितलं, ती चार दिवस बोलली नाय. आय तर आठ दिवस.

पुढच्या वर्षी मावशीचे गुडघे गेले, पाटी सुटली. ती चंद्राकडे राहायला गेली, चिंचणीला. त्या फोनवाल्यापासून ती फोन उचलत नाय, तिची नात सांगते की रिंग वाजली की आजी पदराखाली दाबून धरते. म्हणून गेल्या महिन्यात शेवटचा हप्ता भरल्यावर मी तिला पत्र लिहिलं. आयुष्यात अर्ज खूप लिहिले, पत्र हे पहिलंच. त्याची प्रत हाय माझ्याकडे, तेवढी वाचतो आणि थांबतो. तुमचं भलं होवो, एवढ्या लांब येऊन ऐकलंत.

जनीमावशी,

तुला नरेशचा नमस्कार. हे पत्र नात वाचून दाखवेल, तिला सांग सावकाश वाच.

सोमवारी शेवटचा हप्ता भरला. तुझी चुंबळ खिळ्यावरून काढली, माझ्याकडे हाय. धुतली नाय. येत्या रविवारी घेऊन येतो आणि तुझ्या डोक्यावर ठेवतो. तू म्हणशील, आता पाटी नाय तर चुंबळ कशाला. पण नियम नियम हाय. डावीकडे कर म्हणालीस तर डावीकडे करेन.

चंद्राला सांग, तिच्या लग्नाच्या वेळचं मला माहीत हाय. मी कधी बोललो नाय. रविवारी बोलेन.

अजून एक. आपल्या पेटीतल्या मालतीच्या मुलीचं पालघरला नर्सिंगला नाव लागलंय. मालती मधोमध बसली होती, पण सगळ्यांचे शब्द कोणा ना कोणासाठी अडकलेले, चुंबळ द्यायला कोणी मोकळी नव्हती. मी म्हटलं, मी उभा राहतो. बाया म्हणाल्या, तू टांगणार काय, तुझ्या डोक्यावर काय असतं. तेव्हा माझं कंपनीचं हेल्मेट टांगलं. पिवळं हाय, दुरून दिसतं. कंपनीत सांगितलं हरवलं, नवीन घेतलं, त्याचे पैसे पगारातून कापले. नवीन नीट बसत नाय, कानाला लागतं. तू म्हणायचीस तसंच, डोकं ओळखत नाय.

बोंबलांच्या शेजारी ते बघून बाया अजून हसतात. हसू दे. तीन वर्षं तिथेच राहील.

भाकरीबरोबर काही करू नकोस, मी मासे घेऊन येतो.

तुझा,
नरेश